‘डोन्ट बी चाइल्डिश!’ : मोठ्यांना लहान ठरवणाऱ्या इंग्रजी शब्दांची गोष्ट

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, किंवा रात्री दिवा मालवून पांघरुणात मोबाईल धरून वाचत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर. बोलताना जे ‘अं...’ आणि ‘म्हणजे काय ना...’ झालं ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय मला एका मीटिंगमध्ये मिळाला.

झालं असं की सलग तिसऱ्या शनिवारी आम्हाला काम लावलं होतं. सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉल. पडद्यावर अकरा चेहरे. शेवटी नेहमीचं ‘एनी क्वेश्चन्स?’ आलं, आणि मी विचारलं, ‘सर, या तीन शनिवारांची बदली सुट्टी कधी घ्यायची?’ एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पलीकडून हसत उत्तर आलं, ‘कम ऑन, डोन्ट बी चाइल्डिश.’ दोघं-तिघं हसले. कॉल पुढे सरकला.

आणि मी काय केलं माहितीये? माझा माईक म्यूट केला. कुणी सांगितलं नव्हतं. माझाच हात गेला.

त्या रात्री झोप लागेना. राग सुट्टीचा नव्हता. मला राहून राहून वाटत होतं की माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही, मग माझं बोलणं संपलं कसं? एका शब्दाने ते कसं काय केलं? मग माझी जुनी सवय, उठले आणि शब्दकोश उघडला. चाइल्डिशवरून इन्फन्टाइल, तिथून प्युराइल, ज्युव्हेनाइल, कॅलो, सिली... इंग्रजीत ‘पोरकट’ म्हणायला शब्दांची रांगच आहे. प्रत्येकाची जन्मकथा वेगळी. पण चार-पाच कथा वाचल्यावर एक गोष्ट लक्षात यायला लागली. तीच आज सांगायची आहे.

ज्याला बोलता येत नाही तो

सुरुवात इन्फन्टपासून. इन्फन्ट म्हणजे तान्हं बाळ, आणि इन्फन्टाइल म्हणजे अगदी तान्ह्या बाळासारखं वागणं. मूळ शब्द लॅटिन, ‘इन्फान्स’. ‘इन’ म्हणजे नाही आणि ‘फान्स’ म्हणजे बोलणारा. बोलता न येणारा तो इन्फान्स. याच ‘बोलणे’ या धातूच्या घराण्यातून इंग्रजीतले फेबल, फेम आणि फेट हे शब्द आले. फेबल म्हणजे सांगितलेली गोष्ट, फेम म्हणजे लोक तुमच्याबद्दल जे बोलतात ते, आणि फेट म्हणजे जे आधीच बोलून ठेवलंय ते, विधिलिखित.

आता तान्ह्या बाळाला बोलता येत नाही हे खरंच आहे. पण हा शब्द कायद्यात गेला आणि त्याचं वय वाढत गेलं. रोमन कायद्यात बालपणाची ही पहिली पायरी साधारण सात वर्षांपर्यंत धरायचे. इंग्लंडच्या कायद्यात तर २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत माणूस ‘इन्फन्ट’! म्हणजे २० वर्षांचा तरुण लढाईवर जाईल, लग्न करेल, बाप होईल, पण कागदावर इन्फन्ट. त्याने स्वतः केलेले बरेचसे करार त्याच्यावर बंधनकारक धरले जायचे नाहीत. १९६९ सालच्या कायद्याने ही मर्यादा १८ वर आणली.

गंमत म्हणजे पायदळाला इंग्रजीत इन्फन्ट्री म्हणतात तेही याच घरातलं. इटालियन भाषेत ‘इन्फान्ते’ म्हणजे पोरगा, आणि पुढे पायी लढणारा शिपाई. घोडा परवडत नाही अशा पोरांची फौज.

आपल्याकडे हसायला नको हं. सातबारा बघितलाय का कधी? नसेल तर घरी विचारा. मालक लहान असेल तर तिथे ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे अज्ञान पालक कर्ता. १८ वर्षांखालचा तो ‘अज्ञान’ आणि वरचा तो ‘सज्ञान’. इंग्रजाने बोलण्यावर रेघ मारली, आपण जाणण्यावर.

पण बघा, कायद्यातल्या इन्फन्टचा अर्थ मूल वाईट असा नाही. अर्थ एवढाच की त्याचं बोलणं जमेस धरायचं नाही. मग मोठ्या माणसाला कुणी ‘इन्फन्टाइल’ म्हणतं तेव्हा नेमकं काय होतं? तुझं बोलणं जमेस धरणार नाही, असं होतं. हे वाचलं आणि मला माझा म्यूट केलेला माईक आठवला.

जरा हसूया

विषय जड व्हायच्या आधी थोडी मजा. कारण या रांगेत काही शब्द भलतीकडून चुकून येऊन उभे राहिलेत.

‘सिली’ घ्या. जुन्या इंग्रजीत याचा पूर्वज म्हणजे धन्य, सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘झेलिग’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने नांदतोय. इंग्रजीत मात्र तो घसरत गेला. धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी मूर्ख. आपण ‘साधा आहे हो तो’ म्हणतो ना, तेव्हा आवाजात जे येतं तेच. आणि क्रिकेटवाल्यांनो, सिली पॉइंट आणि सिली मिड-ऑफ तुम्हाला माहीतच आहे. बॅटच्या इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे शहाणपणाचं लक्षण नव्हे, म्हणून सिली.

‘प्यूनी’ म्हणजे किरकोळ, मरतुकडा. मूळ जुनं फ्रेंच, अर्थ ‘नंतर जन्मलेला’. धाकटा. त्यातून इंग्रजीत कनिष्ठ, नवशिका, आणि मग किरकोळ. पण याच शब्दाचं जुनं स्पेलिंग न्यायालयात अजून टिकून आहे. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्या न्यायमूर्तींना इंग्रजीत ‘प्यूनी जज’ म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयातसुद्धा. उच्चार तोच, मान वेगळा. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं, एक शिवी झालं आणि एक न्यायमूर्ती.

‘जेजून’ म्हणजे पोरकट, उथळ, असं तुम्हाला शब्दकोशात मिळेल. मूळ लॅटिन अर्थ? उपाशी! आपल्या लहान आतड्याच्या मधल्या भागाला डॉक्टर जेजुनम म्हणतात, कारण शवविच्छेदनात तो रिकामा सापडायचा. उपाशी म्हणजे रिकामा, रिकामा म्हणजे ज्यात सत्त्व नाही, असं लिखाण. इथपर्यंत ठीक. पण ऐकायला तो शब्द ‘ज्युव्हेनाइल’सारखा, आणि तरुण या अर्थाच्या फ्रेंच शब्दासारखाही. लोकांनी नातं जोडून टाकलं, आणि बिचारा उपाशी शब्द पोरकट झाला.

अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सोफोमोर म्हणतात. त्यावरून ‘सोफोमोरिक’, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. या शब्दात ग्रीक ‘शहाणा’ आणि ‘मूर्ख’ एकत्र आलेत असं लोकांनी मागाहून ठरवलं. तसं नाहीये, तो वादविवादाच्या सरावावरून आलेला आहे. पण दुसऱ्या वर्षात आपण सगळे कसे होतो ते आठवा, चुकीची व्युत्पत्तीच जास्त पटेल.

आणि ‘मिल्कसॉप’! दुधात भिजवलेला पाव, जो दात नसलेल्या बाळाला भरवतात. भित्र्या, बुळ्या पुरुषाला ही शिवी चौदाव्या शतकात चॉसरच्या काळापासून आहे. आपला ‘दुधखुळा’ आठवला ना? दोन भाषांची भेट नाही, ओळख नाही, पण दोघींना शिवी द्यायला दूधच सापडलं.

नॅम्बी-पॅम्बी : एका कवीचं हसं

बहुतेक शब्दांचा बाप कोण ते कळत नाही. ‘नॅम्बी-पॅम्बी’चा मात्र कळतो. अर्थ मिळमिळीत, लाडोबा छाप.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अँब्रोस फिलिप्स नावाचा कवी होता. त्याच्या आणि अलेक्झांडर पोपच्या ग्रामीण धाटणीच्या कविता १७०९ साली एकाच संग्रहात छापल्या गेल्या. कुणाच्या चांगल्या यावरून दोघांचं जुंपलं ते जन्मभर. पुढे फिलिप्सने बड्या घरांतल्या लहान मुलांवर कविता लिहिल्या. छोट्या छोट्या ओळी, बाळांशी बोलतो तशी भाषा. झालं. १७२५ मध्ये हेन्री केरी नावाच्या कवीने त्याची टर उडवणारी कविता लिहिली. अँब्रोसचं लाडकं रूप ‘अँबी’, त्याला ‘न’ चिकटवून ‘नॅम्बी’, आणि यमकाला ‘पॅम्बी’. पोपने ते नाव उचललं आणि आणखी पसरवलं.

आज फिलिप्सची कविता कुणी वाचत नाही. त्याचं टोपणनाव मात्र तीनशे वर्षांनीही शब्दकोशात आहे. आता गुन्हा काय होता? मुलांशी तो मुलांच्या सुरात बोलला. घरोघरी आया, आज्या रोज तेच करतात. पण मोठ्या पुरुषाने, तेही कवीने, छापून? मग तो हसण्यावारी. म्हणजे इथे शिवी मुलासारखं वागण्याला नव्हतीच. मुलांच्या जवळ गेल्याला होती.

पंख न फुटलेल्या मुली

आता दोन पक्ष्यांचे शब्द. पहिला ‘कॅलो’. जुन्या इंग्रजीत अर्थ टकला. मग ज्याला अजून पिसं फुटली नाहीत असं पिल्लू, आणि मग अननुभवी तरुण. ‘कॅलो यूथ’ म्हणतात तो.

दुसरा ‘फ्लॅपर’. रानबदकाचं पिल्लू, जे पंख फडफडवतं पण नीट उडू शकत नाही. हाच शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्लड तरुण मुलींना चिकटला. आपल्याला फ्लॅपर म्हटलं की आखूड केस, आखूड झगा आणि नाच असं चित्र दिसतं. पण या शब्दाची एक दुसरी कामगिरी आहे.

ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना पहिल्यांदा संसदेच्या निवडणुकीत मत मिळालं. पण कुणाला? वय ३० च्या वर, आणि वर मालमत्तेची अट. पुरुषांना मात्र २१. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या कितीतरी मुली विशीतल्या होत्या. त्यांना मत नाही. युद्धात पुरुष इतके मेले होते की सगळ्या स्त्रियांना मत दिलं तर मतदारांत बायकाच जास्त होतील, ही धास्ती होती.

दहा वर्षांनी, १९२७-२८ मध्ये, २१ वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना मत द्यायचं ठरू लागलं. तेव्हा ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने विरोधात मोहीम उघडली, आणि त्या हक्काला नाव दिलं ‘फ्लॅपर व्होट’. बदकाच्या पिल्लांचं मत! आता विचार करा, या ‘पिल्लां’मध्ये २८-२९ वर्षांच्या शिक्षिका होत्या, नर्स होत्या, गिरणीत काम करणाऱ्या होत्या, दोन-दोन मुलांच्या आया होत्या. त्यांची बाजू चूक आहे असं सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. पिल्लू म्हटलं की काम झालं.

पण या वेळी झालं नाही. जुलै १९२८ मध्ये कायदा झाला, सुमारे ५० लाख स्त्रिया मतदार यादीत आल्या, आणि १९२९ च्या निवडणुकीत त्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं.

ए पोऱ्या!

आता ज्या शब्दाने मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले त्याकडे येते. ‘प्युराइल’. पोरकट या अर्थाचा जरा ऐटदार इंग्रजी शब्द. लॅटिन ‘पुएर’ म्हणजे मुलगा, त्यावरून.

पण रोममध्ये पुएर म्हणजे आणखी कोण? गुलाम. मार्कस नावाच्या मालकाचा गुलाम असेल तर त्याचं नाव ‘मार्किपोर’, म्हणजे मार्कसचा पोऱ्या. स्वतःचं नावच नाही. आणि हा ‘पोऱ्या’ साठ वर्षांचा झाला तरी पोऱ्याच. ग्रीकांकडेही तेच, ‘पैस’ या एकाच शब्दाचे मूल आणि गुलाम असे दोन्ही अर्थ.

इंग्रजीतही फार वेगळं नाही. ‘नेव्ह’ म्हणजे आज बदमाश. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधा मुलगा, जर्मन ‘क्नाबे’ अजूनही मुलगाच आहे. मुलगा, मग नोकर पोऱ्या, मग लबाड. आणि ‘बॉय’ उलट्या दिशेने आला. सुरुवातीच्या नोंदींमध्ये त्याचा नोकर, हलका माणूस हा अर्थ ठळक दिसतो. ‘मुलगा’ हा साधा अर्थ नंतर पक्का झाला.

आपल्या देशात साहेबांच्या बंगल्यांवर पांढऱ्या मिशांच्या नोकराला ‘बॉय!’ म्हणून हाक मारायचे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात ‘बॉय’चे दोन अर्थ दिलेत. एक नोकर. दुसरा पालखी वाहणारा, जो तेलुगू-मल्याळममधल्या ‘बोयी’ या जातीच्या नावावरून आला. आपल्याकडे पालखी वाहणारे ते भोई. म्हणजे एका माणसाच्या कामाचं, जातीचं नाव, आणि दुसऱ्या भाषेतला ‘पोऱ्या’, दोन्ही साहेबाच्या तोंडात एकच झाले.

आता आपल्या टपरीवर या. ‘ए पोऱ्या, दोन कटिंग आण.’ ‘ए छोटू.’ ‘ए बारक्या.’ तो छोटू कधी कधी चाळीस वर्षांचा असतो. परवा माझं पार्सल घेऊन आलेले काका माझ्या वडिलांच्या वयाचे होते. ॲपवर लिहिलं होतं, तुमचा डिलिव्हरी बॉय पोहोचला आहे. ऑफिसमध्ये चहा देणारे मामा, निवृत्तीला आलेत, हुद्दा ऑफिस बॉय. मार्किपोर दोन हजार वर्षं चालत आपल्या दारापर्यंत आलाय, आणि आपण त्याला पाच स्टार देतो.

अमेरिकेत या शब्दाची जखम सगळ्यात खोल. गुलामगिरीत आणि ती संपल्यावरही शंभर वर्षं, गोरा पोरगासुद्धा म्हाताऱ्या काळ्या माणसाला ‘बॉय’ म्हणायचा. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिस शहरात दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून तिथल्या सुमारे १३०० कामगारांनी संप केला. मागण्या पगाराच्या, सुरक्षेच्या, युनियनच्या. पण त्यांच्या हातातल्या पाट्यांवर काय होतं? ‘आय ॲम अ मॅन.’ मी माणूस आहे, मी पुरुष आहे, पोऱ्या नाही. ‘ॲम’ या शब्दाखाली रेघ मारलेली. याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. त्यानंतर बारा दिवसांनी संप मिटला आणि युनियनला मान्यता मिळाली.

म्हणाल, जुनी गोष्ट झाली. तर २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला. दोन काळ्या कर्मचाऱ्यांना बढती नाकारली होती, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बढती नाकारणारा गोरा व्यवस्थापक त्यांना ‘बॉय’ म्हणायचा. खालच्या न्यायालयाचं मत पडलं की मागे ‘काळा’ वगैरे विशेषण नसेल तर नुसत्या ‘बॉय’मध्ये वर्णद्वेष दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. म्हणालं, संदर्भ बघा, आवाजाचा सूर बघा, त्या भागातली रीत बघा, शब्दाचा इतिहास बघा. न्यायालयाने इतिहास बघा म्हटलं, मग आपण का नाही बघायचा?

अख्ख्या देशाला मूल म्हणणं

माणसाला मूल म्हणता येतं, तर देशाला का नाही? तेही झालं.

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव तुम्ही राज्यशास्त्रात वाचलं असेल. व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर १८५९ मध्ये त्याने लिहिलेलं पुस्तक आजही अभ्यासाला असतं. त्यात तो म्हणतो की हा स्वातंत्र्याचा सिद्धांत लहान मुलांना लागू नाही. ठीक. पण लगेच पुढे म्हणतो की ज्या समाजांतले लोकच अजून अल्पवयीन धरावेत अशा मागासलेल्या समाजांनाही तो लागू नाही. त्यांच्यासाठी, त्यांची सुधारणा करणारी हुकूमशाही चालेल.

हा मिल कोण? ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १८२३ ते १८५८, पस्तीस वर्षं लंडनमध्ये बसून हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद लिहायचा. आणि नोकरीला लागला तेव्हा त्याचं वय किती? १७! म्हणजे इंग्लंडच्या कायद्याने तो स्वतः ‘इन्फन्ट’ होता. कायद्याने अज्ञान असलेला मुलगा आपल्या आजोबा-पणजोबांच्या देशाची पत्रं लिहायला बसला, आणि पुढे त्यानेच या देशासारख्या समाजांना अल्पवयीन ठरवलं.

मिलला मी खलनायक म्हणत नाहीये. त्याच माणसाने पुढे संसदेत स्त्रियांच्या मतासाठी झगडा केला. म्हणून तर जास्त लक्षात राहतं. चांगल्या, विचारी माणसालाही समोरच्याला मूल ठरवण्याचा मोह सुटत नाही, कारण ते वाईट वाटतच नाही. मुलाला आपण मारत नाही, त्याचं भलं करतो! ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे वाक्य घरोघरी ऐकलंय ना आपण?

मग पोरकटपणा नसतोच का?

असतो की. खोटं कशाला बोलू. हरलो म्हणून पट उधळणं, चूक झाली तर दुसऱ्याकडे बोट दाखवणं, ‘सीन’ करून दोन दिवस उत्तर न देणं, हे मोठ्यांचं पोरकट वागणंच आहे आणि त्याला नाव हवंच. इंग्रजीने यासाठी दोन खण केलेत. ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश, आणि ‘चाइल्डलाइक’ म्हणजे मुलासारखं निरागस. चाइल्डिशचा सुरुवातीचा अर्थ नुसता ‘मुलाचा, मुलासारखा’ एवढाच होता, वाईटपणा नंतर चिकटला. मग चांगल्या अर्थाला वेगळा शब्द लागला. आपल्याकडेही ‘बालिश’ आणि ‘बालसुलभ’ वेगळे. पण आपल्या जुन्या भाषांमध्ये तर ‘बाल’ याचाच एक अर्थ मूर्ख. पाली धम्मपदात ‘बालवग्ग’ नावाचं प्रकरण आहे. ते मुलांबद्दल नाही, मूर्खांबद्दल आहे.

आणि कधी कधी लोक शब्द परत ओढूनही घेतात. ‘ब्रॅट’ म्हणजे वाया गेलेलं, हट्टी कार्टं. २०२४ च्या जूनमध्ये चार्ली एक्ससीएक्स या गायिकेने तेच नाव अल्बमला दिलं, तो हिरवा चौकोन तुम्ही इन्स्टावर पाहिलाच असेल. पोरींनी तो शब्द मिरवायला सुरुवात केली आणि कॉलिन्स शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून ‘ब्रॅट’ निवडला. हो, आहे मी कार्टी, पुढे बोला!

आबांचं मशीन

आता शेवटची गोष्ट, आणि ही सांगताना मला लाज वाटते. रेकॉर्डिंगला दोनदा थांबले होते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या सरांवर मनातल्या मनात भरपूर तोंडसुख घेतलं. आणि मग मला गेली दिवाळी आठवली. माझे आजोबा, आम्ही आबा म्हणतो त्यांना, वय ८१. कानाचं मशीन नवीन आणलेलं, चांगलं महागाचं. आबा ते सारखं काढून ठेवायचे. फराळाला सगळे बसलेले, मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकू गेलं नाही. बघते तर मशीन डबीत. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘आबा, लहान मुलासारखं काय करताय! घाला ना ते!’

सगळे हसले. आबाही हसल्यासारखं केले. मशीन घातलं. आणि मग फराळ संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी आत्या त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली, तेव्हा कळलं. मशीनचा आवाज नीट बसवलेलाच नव्हता. ताटावर चमचा आपटला तरी त्यांच्या कानात घण घातल्यासारखं व्हायचं. आवाज कमी करून दिला, आता दिवसभर घालतात. त्यांच्याकडे कारण होतं, मंडळी. आम्ही विचारलंच नाही. कारण लहान मुलाच्या हट्टाला कारण असतं हे कुणाला सुचतं?

तीन शनिवारांचं माझ्याकडेही कारण होतं.

म्हणून मी स्वतःपुरतं एक ठरवलंय. समोरच्याला पोरकट म्हणावंसं वाटलं की आधी ‘का?’ असं विचारायचं. उत्तर ऐकूनही तसंच वाटलं तर त्याच्या वागण्याबद्दल बोलायचं, हे असं केलंस ते बरोबर नाही, असं. त्याला मूल करून टाकायचं नाही. आणि मला कुणी म्हटलं तर? माईक चालू ठेवायचा आणि प्रश्न पुन्हा विचारायचा.

तुम्ही विचाराल, शनिवारांचं काय झालं? मी तारखा टाकून मेल केली. साधी, तीन ओळींची. दोन शनिवारांची सुट्टी मिळाली. तिसऱ्याचं ‘बघू’ चाललंय.

जाता जाता एक. इंग्रजीतले ‘अडोलेसन्ट’ आणि ‘ॲडल्ट’ हे एकाच लॅटिन क्रियापदाचे दोन भाग आहेत. पहिला म्हणजे वाढत असलेला, दुसरा म्हणजे वाढून झालेला. आबांना परवा हे सांगितलं. म्हणाले, ‘मग मी अजून पहिलाच.’

तुमच्या घरात पोरकट म्हणायला काय शब्द आहेत? शेंबडं पोर, कुक्कुलं बाळ, लाडोबा, की आणखी काही खास गावाकडचा? आणि तो कुणी, कुणाला, कधी म्हटला? व्हॉइस नोट पाठवा. सगळ्या ऐकते मी, खरंच. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी विचारा आणि मग नाव.